खळ : चिकटणारी आणि सुटणारी

शाळेच्या हस्तकलेच्या तासाला पांढऱ्या चिकटद्रव्याची बाटली आता इतकी ठरून गेली आहे की, ती येण्यापूर्वी मुले कागद कशाने चिकटवत असतील हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. जुन्या मासिकातली, दिनदर्शिकेवरची चित्रे कापायची, ती डब्यावर, मडक्यावर किंवा पाटीवर चिकटवायची आणि वरून व्हार्निशचा हात द्यायचा, हा उपक्रम अनेक शाळांत होतो. 'कापणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्याला 'डिकूपाज' म्हणतात. त्यासाठी 'घरगुती चिकटद्रव्य' कसे करावे, असे विचारले की उत्तर मिळते : विकतचे पांढरे चिकटद्रव्य घ्या आणि त्यात थोडे पाणी मिसळा. काम भागते, पण याला घरी केलेले चिकटद्रव्य म्हणता येणार नाही. कारखान्यात तयार झालेला पदार्थ आपण फक्त पातळ केला.

स्वयंपाकघरात खरोखर तयार होते ती खळ. तिचा लेखी इतिहास जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. ती कशी चिकटते, मागे का पडली आणि मागे पडूनही एका कामात तिला अजून तोड का नाही, हे या लेखात पाहू. ते एक काम शिक्षकांच्या फार जवळचे आहे, कारण त्याचा संबंध शाळेच्या कपाटातल्या जुन्या रजिस्टरांशी येतो.

एक शब्द, तीन कामे

मराठीत 'खळ' हा एकच शब्द तीन ठिकाणी वापरला जातो. कागद चिकटवायला पिठाची लापशी करतात ती खळ. धुतलेल्या कपड्याला ताठपणा यावा म्हणून देतात ती खळ. आणि मागावर चढवण्यापूर्वी सुताला पाजतात तीही खळच. विणकर या शेवटच्या क्रियेला पांजणी म्हणतात. मागावर ताणलेले उभे सूत घासून तुटू नये, त्याचे बारीक तंतू आडवे बसावेत, यासाठी पांजणी करावी लागते. बांधणीवाला, धोबी आणि विणकर या तिघांचे धंदे वेगळे, पण पदार्थ एकच : पाण्यात शिजवलेले पिष्ट, म्हणजे स्टार्च.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांना पांजणीचा संबंध सांगायला नको. हा कापसाचा मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकापासून खामगावची बाजारपेठ कापसासाठी प्रसिद्ध आहे, आणि पिंपळगाव राजा हे त्याच तालुक्यातले गाव. या मुलखात खळ ओळखण्याची आणखी एक सोपी जागा आहे. ती म्हणजे उन्हाळ्यातले अंगण.

कुरडईचा चीक

मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-खानदेशात घरोघरी कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात, मग गहू वाटून, पिळून, गाळून त्याचा पांढरा चीक काढतात. तो रात्रभर स्थिर ठेवला की खाली घट्ट पांढरा थर बसतो आणि वर निवळ राहते. निवळ ओतून दिली की उरतो तो गव्हाचा चीक. पाण्यात घालून तो शिजवला की पाहता पाहता घट्ट, चकचकीत, अर्धपारदर्शक होतो आणि सोऱ्यातून पडतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत या बाईने काय केले? तिने गव्हातले पिष्ट प्रथिनांपासून वेगळे केले. गव्हात ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन असते. कणीक मळून वाहत्या पाण्याखाली धूत राहिले तर पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा गोळा उरतो, तो ग्लूटेनचा. इटलीतील बोलोन्याचे याकोपो बेक्कारी यांनी हा प्रयोग केला आणि १७४५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. कुरडईच्या पद्धतीत गहू भिजत पडतो तेव्हा थोडा आंबतो. त्यामुळे प्रथिनांची पकड सैल होते आणि पिष्टाचे कण सहज सुटे होतात. चोथ्यात कोंडा आणि बरेचसे ग्लूटेन राहते, चिकात मुख्यतः पिष्ट येते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, जगभरच्या ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत जुने कागद दुरुस्त करणारे तज्ज्ञ जे चिकटद्रव्य सर्वांत विश्वासाचे मानतात, ते हेच : ग्लूटेन काढून टाकलेल्या गव्हाच्या पिष्टाची खळ. ग्लूटेन राहिले तर खळ कालांतराने पिवळी पडते, ताठ होते आणि किडीला आमंत्रण देते. जपानमध्ये चित्रांच्या गुंडाळ्या मढवणारे कारागीर हीच गव्हाची खळ मडक्यात वर्षानुवर्षे मुरवतात. दहा-दहा वर्षे मुरलेली ही खळ पकडीला सौम्य असते, म्हणून तिने मढवलेले चित्र गुंडाळले तरी कडक होत नाही. अंगणातल्या पातेल्यातला चीक आणि त्या कारागिराच्या मडक्यातली खळ यांत मूळ पदार्थाचा फरक नाही. कुरडईच्या चिकात मीठ-हिंग पडते, खळीत ते घालायचे नाही, एवढेच.

पिष्ट चिकटते कसे

पिष्टाचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. ते पाण्यात तरंगतात आणि हळूहळू तळाशी बसतात. प्रत्येक कणात ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. काही साखळ्या सरळ असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. बऱ्याचशा फांद्या फुटलेल्या असतात, ते अमायलोपेक्टिन. गव्हाच्या पिष्टात साधारण एक चतुर्थांश भाग अमायलोज असते.

पाणी तापून ६० अंश सेल्सियसच्या आसपास आले की या रचनेत पाणी शिरते. कण फुगतात, त्यांतल्या काही साखळ्या बाहेर पडून एकमेकींत गुंततात आणि सगळे मिश्रण दाट होते. हीच खळ. ती कागदावर लावली की साखळ्या कागदाच्या तंतूंमध्ये शिरतात. कागदाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजही ग्लुकोजचीच साखळी आहे. पाणी सुकत गेले की दोन्हींमधले हायड्रॉक्सिल गट जवळ येतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध अगदी दुबळा असतो, पण त्यांची संख्या एवढी असते की कागद फाटतो, जोड सुटत नाही.

या बंधांचा एक गुण पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. पाणी जाताना ते जुळतात आणि पुरेसे पाणी परत आले की सैल होतात. खळीने चिकटवलेला कागद दमट करून काही वेळ थांबले तर तो सोडवता येतो.

प्लिनीपासून कागझीपुऱ्यापर्यंत

खळीची लेखी कृती फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या विश्वकोशात पपायरसच्या पट्ट्या जोडण्याची खळ सांगितली आहे : उत्तम प्रतीचे बारीक पीठ, उकळते पाणी आणि शिंपडण्यापुरते व्हिनेगर. व्हिनेगर कशासाठी याचे कारण त्याने दिलेले नाही. आज आपण म्हणू शकतो की आम्लामुळे बुरशी-जंतूंची वाढ थोडी लांबते.

पुढे कागद आला तो खळ बरोबर घेऊनच. नुसत्या लगद्याचा कागद टिपकागदासारखा शाई शोषतो आणि अक्षर फुटते. म्हणून चीनपासून अरब देशांपर्यंत कागदाच्या पृष्ठभागावर पिष्टाची खळ चढवत आणि सुकल्यावर तो गुळगुळीत दगडाने घोटत. हे सिद्ध कसे झाले, याची हकीकत वर्गात सांगण्यासारखी आहे. आयोडिन हे मूलद्रव्य १८११ मध्ये सापडले आणि पिष्टाशी गाठ पडताच ते गडद निळे होते हे १८१४ मध्ये कळले. इजिप्तमधल्या फायूम येथे सापडलेले जुने अरबी कागद व्हिएन्नाच्या युलियुस विस्नर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १८८७ मध्ये दाखवून दिले की ते चिंध्यांचे आहेत व त्यांवर पिष्टाची खळ आहे. आपण बटाट्याच्या फोडीवर जी चाचणी करून दाखवतो, तिनेच कागदाच्या इतिहासातला एक प्रश्न सुटला.

युरोपात मात्र तेराव्या शतकापासून कागदाला पिष्टाऐवजी कातडी-हाडांचा सरस देऊ लागले. आपल्याकडे खळ आणि घोटणी टिकून राहिली. दौलताबाद-खुलताबाद परिसरातले कागझीपुरा हे गाव कागद करणाऱ्यांचेच. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा हे कारागीर आले, असे परंपरा सांगते. जुन्नरलाही कागदाचा उद्योग होता. दौलताबादी आणि जुन्नरी कागद ही नावे मराठी दप्तरांच्या अभ्यासकांच्या परिचयाची आहेत.

या कागदावर लिहिलेली मोडी पत्रे पाहिली तर खळीचे दुसरे काम दिसते. मजकूर लांबला की कागदाच्या पट्ट्या एकीखाली एक खळीने जोडून गुंडाळी करत. काही कागदांवर अशा सांध्याच्या पाठीमागे शिक्के उमटवलेले आढळतात. कारण उघड आहे. खळीचा सांधा पाण्याने सोडवता येतो आणि मधली पट्टी बदलता येते. शिक्क्याचे दोन अर्ध नीट जुळले नाहीत, की लबाडी उघडी पडते. खळ सुटते, ही गोष्ट त्या कारकुनांना पक्की ठाऊक होती.

सावंतवाडीचा चिंचोका

चिकटवायला गहूच लागतो असे नाही. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी चिंचोका निवडला. तिथले गंजिफाचे गोल पत्ते प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफात दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी १२० पाने असतात. कापडाला किंवा कागदाला चिंचोक्याची खळ देऊन, थर चढवून, खडूच्या भुकटीने पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर चित्र काढायचे आणि लाखेचा लेप द्यायचा, अशी ही पद्धत आहे. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपत आली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली.

चिंचोक्यातला चिकट पदार्थ पिष्ट नव्हे. तो झायलोग्लुकन नावाचा वेगळा बहुशर्करिक पदार्थ आहे. ग्लुकोजची मुख्य साखळी आणि तिला झायलोज, गॅलॅक्टोज यांच्या बाजूच्या फांद्या, अशी त्याची रचना असते. १९४२ मध्ये घोष आणि कृष्णा या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले की, साल काढलेल्या चिंचोक्यात सुमारे ४६ ते ४८ टक्के असा घट्ट जेली होणारा पदार्थ असतो. दुसऱ्या महायुद्धामुळे पिष्टाचा पुरवठा विस्कळीत झाला होता आणि कापडगिरण्यांना सुतासाठी दुसरी खळ हवी होती. १९४३ पासून चिंचोक्याच्या पिठाचा त्यासाठी व्यापारी वापर सुरू झाला. चितारी पिढ्यान् पिढ्या वापरत होता ते ज्ञान अशा रीतीने कारखान्यात पोचले.

झाडाच्या डिंकाचाही इथे उल्लेख हवा. बाभूळ, धावडा यांचे डिंक आपल्या ओळखीचे आहेत. डिंकाला शिजवावे लागत नाही, तो थंड पाण्यातच विरघळतो. लिफाफा बंद करण्यासारख्या किरकोळ कामाला तो उत्तम. पण मोठ्या कागदावर त्याचा थर कोरड्या हवेत तडकतो, म्हणून चित्रे चिकटवण्याच्या कामात खळच अधिक सोयीची ठरली.

चित्रे कापण्याचा छंद

आता डिकूपाजकडे येऊ. सतराव्या-अठराव्या शतकात चीन-जपानमधून येणाऱ्या लाखकामाच्या वस्तूंनी युरोपच्या श्रीमंतांना वेड लावले. त्या फार महाग होत्या. व्हेनिसच्या कारागिरांनी त्यावर युक्ती काढली. छापील चित्रे रंगवून, कापून लाकडी सामानावर चिकटवायची आणि त्यांवर व्हार्निशचे थरावर थर द्यायचे, की लाखकामाचा भास होतो. या कामाचे नावच 'गरिबाचे लाखकाम' असे पडले. बासानो गावच्या रेमोंदिनी छापखान्याने खास कापण्यासाठी चित्रांचे ताव छापले.

या हकीकतीतली महत्त्वाची गोष्ट अशी की, चित्रे चिकटवण्याचा छंद स्वस्त छपाईच्या मागोमाग येतो. महाराष्ट्रातही तेच घडले. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या घरात पहिल्यांदाच आली. ती भिंतीवर नुसती टांगून लोकांचे समाधान झाले नाही. लक्ष्मीच्या साडीला खऱ्या कापडाचा तुकडा, काठाला जर, दागिन्यांना टिकल्या आणि मणी असे लावून ती सजवली गेली. अशी सजवलेली चित्रे आज संग्रहालयांतून आणि जुन्या घरांतून पाहायला मिळतात. डिकूपाज हा शब्द कुणी ऐकला नव्हता, तेव्हाही कापणे, चिकटवणे आणि नटवणे आपल्याकडे चालूच होते.

खळीची दुखणी

खळ एवढी गुणी होती, तर मागे का पडली? कारणे खरी होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. खळ म्हणजे अन्न. ते बुरशीलाही आवडते, झुरळालाही आणि पुस्तकातल्या कसरीलाही. दोन-तीन दिवसांत तिला आंबूस वास येतो. थंड झालेली खळ पाणी सोडते, कारण सैल झालेल्या अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून पाणी बाहेर ढकलतात. पावसाळ्यात सांधे दमट होतात.

यावर बांधणीवाल्यांनी मोरचूद शोधले. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घातले की कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे. मुलांनी हाताळायच्या खळीत ते कधीही घालू नये. जुन्या बांधणीची पाने बोटाला थुंकी लावून उलटू नयेत, या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याला इथे रसायनशास्त्राचा आधार मिळतो.

दुसरी भर तुरटीची. तुरटीने खळ टिकते खरी, पण तुरटी आम्लधर्मी आहे आणि आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. कागदाच्या इतिहासात ही चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. जर्मनीतील मोरित्स इलिग याने १८०७ मध्ये राळ आणि तुरटी वापरून कागदाला खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती, यंत्राला सोयीची होती आणि जगभर पसरली. पुढे लाकडाच्या लगद्याचा कागद आला. परिणाम असा की शंभर वर्षांपूर्वीची कित्येक पुस्तके हात लावताच चुरगळतात. कागद ठिसूळ होण्यामागे हे आम्ल आहे, ही गोष्ट अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात पद्धतशीर चाचण्यांनी दाखवून दिली. याउलट तीनशे वर्षांपूर्वीचा खळ दिलेला, घोटलेला चिंध्यांचा कागद नीट राखला असेल तर आजही लवचीक असतो.

पांढरे चिकटद्रव्य

१९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाट्टे यांनी पॉलिव्हिनिल ॲसिटेट हा बहुवारिक पदार्थ तयार केला. त्याचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरले की दुधासारखे पांढरे द्रव होते. ते लावल्यावर पाणी उडते, थेंब एकमेकांत मिसळतात आणि सलग, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. आपल्याकडे १९५९ मध्ये बळवंत पारेख यांच्या उद्योगाने फेव्हिकॉल बाजारात आणले ते मुख्यतः सुतारांसाठी. तोवर सुताराला सरस भिजवून, गरम करून, गरम असतानाच लावावा लागे. नव्या चिकटद्रव्याला ना चूल लागे, ना त्याला वास होता. सुतारकामातून ते शाळेत आले आणि खळीचे पातेले बाजूला पडले.

डब्यावरच्या चित्रासाठी हे चिकटद्रव्य खळीपेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. ते पत्र्यावर आणि काचेवरही चांगले बसते, किडीला आवडत नाही आणि वरून लेपासारखे देता येते. जी वस्तू पुन्हा कधी उलगडायची नाही, तिच्यासाठी ते योग्यच आहे. अडचण येते ती जी वस्तू पुन्हा कधीतरी उलगडावी लागणार आहे, तिच्या बाबतीत. पांढऱ्या चिकटद्रव्याचा पापुद्रा पाण्याने फुगतो, मऊ होतो, पण खळीसारखा निघून जात नाही. कागदाच्या तंतूंत तो रुतून बसतो आणि जुना झाला की काढताना कागदही घेऊन येतो.

कपाटातले रजिस्टर

इथे आपण शिक्षकांच्या कपाटापाशी येतो. पिंपळगाव राजा असो की महाराष्ट्रातले दुसरे कोणतेही जुने गाव, पुष्कळ शाळांनी शंभरी ओलांडली आहे आणि त्यांच्या कपाटांत दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. नाव, जन्मतारीख, जात, गाव, शाळा सोडल्याची तारीख. ज्यांच्या घरी दुसरा कागद नाही, अशा कुटुंबांसाठी आजोबांची ही एक ओळ हाच पुरावा असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून शासनाने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही धुंडाळली गेली. त्यांतली काही मोडीत होती. एखाद्या पानाचा कोपरा गेला, तर त्या कोपऱ्यातल्या माणसाची नोंद गेली.

ही रजिस्टरे बहुधा आम्लधर्मी कागदाची आहेत, म्हणून फाटतात. फाटले की शाळेत तत्परतेने हाताशी येते ती चिकटपट्टी किंवा पांढऱ्या चिकटद्रव्याची बाटली. पारदर्शक चिकटपट्टी अमेरिकेत १९३० मध्ये बाजारात आली. तिचा चिकट थर काही वर्षांत पिवळा-तपकिरी होतो, कागदात झिरपतो आणि अक्षर पारदर्शक डागाखाली बुडते. पट्टी गळून पडते, डाग राहतो. पांढऱ्या चिकटद्रव्याने दोन पाने एकमेकांना चिकटली तर ती वेगळी करणे तज्ज्ञालाही कठीण जाते. दुरुस्ती प्रामाणिकपणे केलेली असते, तरी नुकसान होतेच.

म्हणून जतनाच्या शास्त्रात एक नियम पाळतात : आज केलेली दुरुस्ती उद्या कागदाला इजा न होता काढता आली पाहिजे. उद्या अधिक चांगली पद्धत सापडेल, तेव्हा तिला वाट मोकळी असावी. गव्हाच्या पिष्टाची खळ या नियमात बसते, कारण तिचे बंध पाण्याने सैल होतात. सांध्यावर शिक्का मारणाऱ्या कारकुनाला जो दोष वाटत होता, तोच इथे गुण ठरला.

मात्र शिक्षकांनी स्वतः रजिस्टरावर खळ लावू नये. हा शासकीय अभिलेख आहे आणि ओलाव्याने शाईही पसरू शकते. करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. फाटलेले पान सुट्या स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवावे, चिकटपट्टी लावू नये, रजिस्टर भिंतीला टेकवून किंवा जमिनीलगत ठेवू नये, पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि दुरुस्तीसाठी वरिष्ठांमार्फत पुराभिलेख विभागाचा सल्ला घ्यावा.

वर्गात करून पाहू या

खळ करणे सोपे आहे. आम्ही पुढील प्रमाण सुचवतो. मीठ न घातलेला, वाळवलेला गव्हाचा चीक एक वाटी घ्यावा. तो नसेल तर मैदा चालेल, पण ती खळ थोडी पिवळी पडेल. पाच वाट्या थंड पाणी घालून गुठळ्या मोडाव्यात आणि अर्धा तास भिजू द्यावे. मग मंद आचेवर सतत ढवळत वीस मिनिटे शिजवावे. चुलीजवळचे काम शिक्षकांनी करावे. मिश्रण पांढऱ्याचे अर्धपारदर्शक झाले की उतरवावे, निवल्यावर फडक्यातून गाळावे आणि लागेल तेवढे पाणी घालून पातळ करावे. एका वेळी दोन दिवस पुरेल इतकीच खळ करावी.

चित्र चिकटवताना ते आधी किंचित दमट करावे. कागद ओला झाला की एका दिशेने जास्त फुगतो. तो फुगण्याआधीच चिकटवला तर सुरकुत्या पडतात. मडक्यावर किंवा पुठ्ठ्यावर खळीचा पातळ हात द्यावा, चित्र ठेवावे आणि मधून कडांकडे दाबत हवा काढावी. पूर्ण सुकल्यावर व्हार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. खळ पाण्याला टिकत नाही, म्हणून हा लेप हवाच.

याच्या जोडीला दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली, आयोडिनची. पातळ केलेल्या टिंक्चर आयोडिनचा एकेक थेंब खळीवर, फोटोकॉपीच्या कागदावर आणि गाळणकागदावर टाकावा. खळ निळी-काळी होईल. फोटोकॉपीचा कागदही बहुधा होईल, कारण आजच्या कागदालाही पिष्टाचा लेप असतो. गाळणकागद पिवळसरच राहील. जुन्या कागदपत्रांवर ही चाचणी करू नये.

दुसरी चाचणी सुटण्याची. वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या घ्याव्यात. दोन खळीने आणि दोन पांढऱ्या चिकटद्रव्याने एकमेकींवर चिकटवून दोन दिवस सुकू द्याव्यात. मग दोन्ही जोडांवर ओला टिपकागद ठेवून अर्ध्या तासाने हलकेच सोडवून पाहावे. कोणता जोड अक्षरे न फाडता सुटला, याची नोंद मुलांनी करावी. नंतर त्यांना विचारावे : डब्यावरच्या चित्राला यांतले कोणते द्रव्य निवडाल, आणि आजोबांच्या दाखल्याला कोणते? दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळी आली आणि मुलांना त्यांची कारणे सांगता आली, तर हस्तकलेच्या तासाला रसायनशास्त्रही झाले आणि इतिहासही.